संगणक कण्हतो तेव्हा

जात्यात दाणे उरले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी जुन्या गृहिणीला वाकावे लागत नसे. घरघर बदलली की ते तिच्या ध्यानी येई. बाजारात मडके घेणारा मनुष्य ते बोटाने वाजवून पाहतो आणि बद्द आवाज आला की निमूटपणे खाली ठेवतो. वैद्यकातही कानाचे महत्त्व असेच थोर आहे. १८१६ साली पॅरिस येथील लायनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक एका रुग्ण स्त्रीच्या छातीवर ठेविले व दुसऱ्याला आपला कान लाविला. हृदयाचे ठोके त्यांना पूर्वीहून स्पष्ट ऐकू आले आणि त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप निर्माण झाला.

विद्यार्थिमित्रहो, हीच विद्या आपल्या टेबलावरील संगणकालाही लागू पडते. संगणक सुरू करताच तो घरघरू किंवा टकटकू लागला, तर काही जण घाबरून तो तसाच दुकानात नेतात. काही जण ‘होईल आपोआप बरा’ म्हणून स्वस्थ बसतात. हा आवाज नेमका कोण करीत आहे, हा साधा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

हा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. ज्या पेटीला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो, तिच्यात शेकडो भाग असले तरी आवाज करणारे थोडेच आहेत. खरा प्रोसेसर आणि मेमरी ही मौनव्रती मंडळी होत. बोलतात ते पंखे, हार्ड डिस्क, सीडीचे यंत्र, पॉवर सप्लायमधील तारांची वेटोळी आणि मदरबोर्डवरील चिमुकला स्पीकर. शिवाय निरोगी संगणकही सर्वस्वी मुका नसतो. बटन दाबताच पंखे काही क्षण पूर्ण वेगाने फिरतात व मग मंदावतात. सीडी आत राहिली असेल तर तीही घुर्र करून फिरते. हे सारे स्वाभाविक आहे. नेहमीचा आवाज ठाऊक असेल, त्यालाच बदललेला आवाज ओळखू येतो.

आता निदानाची रीत पाहू. प्रथम तीन गोष्टी ऐकाव्या: आवाज केव्हा सुरू होतो, तो अखंड आहे की तुटक, आणि काही वेळाने थांबतो काय. मग पेटीच्या बाजूवर तळहात हलकेच दाबावा. आवाज थांबला तर दोष यंत्राचा नसून सैल पडलेल्या पत्र्याचा किंवा स्क्रूचा आहे. तसे नसेल तर घरातील जाणत्या माणसाला बरोबर घेऊन, वीज काढून, पेटीची बाजू उघडावी. नंतर संगणक सुरू करून लायनेकप्रमाणेच कागदाची सुरळी कानाशी धरावी. तिचे दुसरे टोक कशालाही न लावता, फिरत्या पंख्यापासून चार बोटे दूर ठेवून, एकेका भागाकडे वळवावे. अपराधी कोण, हे बहुधा मिनिटभरात कळते.

बहुतेक वेळा तो पंखाच निघतो. भरभर ‘टर्र’ असा आवाज असेल तर एखादी तार पात्याला लागत असते. ती बाजूस बांधली की काम झाले. थंडीच्या सकाळी घरघर होऊन पाच मिनिटांत ती शमत असेल, तर पंख्याच्या बेअरिंगमधील वंगण सुकत चालले आहे असे समजावे. उबेने वंगण सैल होते म्हणून आवाज थांबतो. दोष मात्र तसाच राहतो. वीज काढून पाते बोटाने फिरवून पाहावे. ते डुगडुगले किंवा खरखरले तर पंखा बदलावा. हा खर्च अल्प आहे, पण प्रोसेसरवरचा पंखा बंद पडल्यास संगणक तापून मध्येच बंद होतो.

स्पीकरची ‘टूं टूं’ ही तर संगणकाची भाषाच होय. सुरू होताना तो स्वतःची परीक्षा घेतो आणि पडद्यावर काही दिसण्यापूर्वीच दोष आढळला तर आवाजाने कळवितो. १९८१ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये एक लहान स्वर म्हणजे ‘सर्व ठीक’, आणि एक लांब व दोन आखूड म्हणजे ‘पडद्याच्या जोडणीत बिघाड’ असा संकेत होता. आज प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा असतो, म्हणून स्वर मोजून मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावे. पुष्कळदा मेमरीची पट्टी खाचेत नीट न बसणे एवढेच कारण निघते.

वेटोळ्यांतून येणारी बारीक किणकिण कानाला त्रास देते, पण बहुधा निरुपद्रवी असते. तडतड आवाजाबरोबर जळका वास आला तर मात्र तत्काळ वीज तोडावी. पॉवर सप्लायची पेटी घरी कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यात धोकादायक भार शिल्लक राहतो.

सर्वांत गंभीर आवाज हार्ड डिस्कचा. तिच्यातील चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. त्यांवरून वाचनाचे शीर्ष केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. चकतीवरील खुणा सापडेनाशा झाल्या की ते मागे येते, पुन्हा शोधते, पुन्हा मागे येते. ‘टक्... टक्... टक्’ असा ठराविक अंतराने येणारा आवाज तो हाच.

हा आवाज मी दोन पावसाळ्यांपूर्वी ऐकला आणि पंख्याचा समजून तीन दिवस सोडून दिला. चौथ्या दिवशी डिस्क उघडेना. तिच्यात आमच्या आजीच्या आवाजातील जात्यावरच्या चाळीस ओव्या होत्या. त्या ध्वनिमुद्रित केल्यानंतर वर्षाच्या आतच ती गेली होती. बडोद्याच्या आत्याला हौसेने पाठविलेल्या अकरा ओव्या तेवढ्या वाचल्या. आजीला जात्याचा आवाज कळत असे; मला माझ्या यंत्राचा कळला नाही.

म्हणून हे ध्यानी ठेवावे. अशी टकटक प्रथम ऐकू येताच, डिस्क चालत असेल तर इतर सर्व कामे सोडून जे परत मिळणार नाही ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे. डिस्क उघडतच नसेल, तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, तिला ठोकू नये, की तिचे झाकण काढू नये. प्रत्येक प्रयत्नाने चकती अधिक खरवडण्याचा संभव असतो. ती तशीच तज्ज्ञाच्या हाती द्यावी. नव्या संगणकांत बहुधा एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती बिघडतानाही टकटक करीत नाही. तिच्या बाबतीत तर इशाऱ्याची वाट न पाहता दुसरी प्रत आधीच करून ठेवणे हाच उपाय होय.

पंखा बाजारात मिळतो, डिस्कही मिळते. आजीचा आवाज मिळत नाही. आज घरी गेल्यावर संगणक सुरू करा आणि एक मिनिट केवळ कान देऊन बसा. तो निरोगी असतानाचा आवाज ओळखून ठेवा. आणि उठण्यापूर्वी, ज्याची दुसरी प्रत नाही असे त्यात काय आहे, तेही पाहा.