सोमवारचा उपास

लढाई सरहद्दीवर होते. मग गावातल्या माणसाने काय करायचे?

१९६५ साली पाकिस्तानशी लढाई झाली. त्याच साली पावसानेही दगा दिला. देशात धान्य कमी पडले. अमेरिकेहून जहाजाने गहू येत होता. पण दुसऱ्याच्या कणगीवर किती दिवस जगायचे?

लालबहादूर शास्त्री तेव्हा पंतप्रधान होते. त्यांनी लोकांना सांगितले, सोमवारी रात्रीचे जेवण सोडा. पुष्कळ घरांत त्या रात्री चूल पेटली नाही. शहरांत हॉटेलेही बंद राहू लागली.

आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा, म्हणजे तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा, वेरूळच्या घृष्णेश्वराचा. श्रावणी सोमवार आपल्याला नवा नाही. तो उपास आपण संध्याकाळी सोडतो. हा उपास संध्याकाळीच धरायचा होता.

आता हिशेब करू. घरात ५ माणसे. प्रत्येकाच्या २ भाकरी वाचल्या, तर झाल्या १०. वर्षाचे सोमवार ५२. म्हणजे एका घराच्या ५२० भाकरी! थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

पण आम्ही एक सांगतो. ज्याच्या घरी रोज एकच वेळ चूल पेटते, त्याने काय सोडायचे? मजुराला, लेकुरवाळीला उपाशी ठेवून देश बळकट होत नाही. ज्याचे पोट भरलेले, त्याने आधी हात आवरावा.

आणि नुसत्या उपासाने कणगी भरत नाही. पिकवावेही लागते. म्हणून शास्त्रीजींनी त्याच साली घोषणा दिली, ‘जय जवान, जय किसान’. जवान सरहद्द राखतो. किसान त्याची शिदोरी राखतो.