सोळा महिने उभा ट्रॅक्टर आणि ‘गेलेलं’ कॉम्प्रेशन

आपल्या आय.सी. इंजिनच्या व्हायव्हात एक ठरलेला प्रश्न असतो: "कॉम्प्रेशन लो असण्याची कारणं सांगा." आपण रिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट अशी तीन नावं घेतो आणि सर पुढच्या रोल नंबरकडे वळतात. मीही तेच केलं होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र हाच प्रश्न आमच्या अंगणात उभा राहिला, आणि या वेळी तीन नावं सांगून सुटका नव्हती.

आमचं गाव प्रतापगडजवळ, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे प्रतापगडचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. इटियाडोह धरणाचा हा भाग म्हणजे सगळा धानाचा मुलूख. काकांकडे तीन सिलिंडरचा, टर्बो असलेला ट्रॅक्टर आहे. आदल्या वर्षीची चिखलणी आटोपली आणि काकांचा पाय मोडला. तेव्हापासून ट्रॅक्टर आंब्याखाली उभा, तो तब्बल सोळा महिने. मागची मळणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर झाली. या वर्षी धान कापून बांधीत पुंजणे रचलेले, आभाळ रोज भरून यायचं, भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी गावात रांग, आणि आपला ट्रॅक्टर काही चालू होईना.

मिस्त्री आले. बॅटरी लावून दोन-तीनदा सेल्फ मारला, कान दिला आणि निकाल सांगितला, "कॉम्प्रेशनच नाही जी भाऊ. टर्बो बसला, म्हणून कॉम्प्रेशन गेलं. इंजिन उतरवा, पिस्टन-लायनर किट टाकू." आकडा पन्नास हजारांच्या घरात. काका गप्प. मी नुकताच थर्ड इयरला गेलेलो, त्यामुळे मिस्त्रींपुढे तोंड उघडायचीही चोरी. पण त्या वाक्यात एक गोष्ट खटकली, आणि तिथूनच हा लेख सुरू होतो.

सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे फिरतं. तेवढ्यात एक्झॉस्टमध्ये ना उष्णता असते ना जोर, त्यामुळे टर्बो जवळजवळ उभाच असतो. म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट करताना टर्बोचं इंजिन आणि बिनटर्बोचं इंजिन यांत फरकच नाही. सिलिंडर आपली हवा आपणच ओढतो आणि आपणच दाबतो. टर्बो खराब असेल तर ताकद कमी पडेल, काळा धूर येईल, कदाचित तेल खाईल; पण सेल्फवर कॉम्प्रेशन मिळत नाही याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. टर्बो आणि कॉम्प्रेशन ही दोन वेगळी दुखणी आहेत. मिस्त्री लोक (आणि कधीकधी आपणही) ती एकाच चिठ्ठीवर लिहितो.

कॉम्प्रेशन गेलं की डिझेल इंजिन का चालू होत नाही, हेही एकदा आकड्यात पाहू. १७ रेशोचं इंजिन धरा. २७ अंशांची, म्हणजे ३०० केल्व्हिनची हवा पुस्तकाप्रमाणे, उष्णता न गमावता दाबली तर ती साडेसहाशे अंशांपर्यंत जाते. प्रत्यक्षात थंड लायनर उष्णता खातो, थोडी हवा निसटते; घातांक १.४ ऐवजी १.३ धरला तर सव्वाचारशेच्या आसपास राहतं. डिझेल पेटायला तेवढं भरपूर होतं. पण व्हॉल्व्हमधून निम्मी हवा पळाली तर पुढचं गणित करायची गरज नाही. पांढरा धूर येतो, डिझेलचा वास येतो, इंजिन काही पकडत नाही. आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना म्हटलं, "उतरवायच्या आधी मोजून तर पाहू." गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत काकांच्या ओळखीचे एक ट्रॅक्टरवाले आहेत, त्यांच्याकडे डिझेलचं कॉम्प्रेशन गेज मिळालं. (पेट्रोल गाडीचं गेज इथे चालत नाही. डिझेलमध्ये पंचवीस-तीस बार येतात, त्याचा काटा टोकाला जाऊन बसेल.) आधी डिपस्टिक काढून पाहिली. तेल दुधासारखं झालेलं नव्हतं. मग तिन्ही इंजेक्टर काढले. हे फक्त गेज बसवण्यासाठी नाही. उभ्या इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल आणि तसाच सेल्फ मारला, तर पाणी काही दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. खरं तर मिस्त्रींनी सेल्फ मारायच्या आधीच हे करायला हवं होतं. आमचं नशीब बरं. स्टॉप नॉब ओढून, इंजेक्टरची भोकं उघडी ठेवून इंजिन फिरवलं, तर तिसऱ्या सिलिंडरमधून तांबूस पाण्याचे चार थेंब उडाले.

मग गेज. भोकात नवा तांब्याचा वॉशर टाकून, बॅटरी पूर्ण चार्ज करून. बॅटरी मेलेली असेल तर सगळेच आकडे खाली येतात आणि चांगलं इंजिन आजारी ठरतं. आमचे आकडे आले २७, २६ आणि ९.

मित्रांनो, इथेच अर्धं निदान झालं. लायनर आणि रिंग झिजून कॉम्प्रेशन गेलं असतं तर तिन्ही आकडे थोडे थोडे उतरले असते. शेजारच्या दोन सिलिंडरमधलं गॅस्केट फाटलं असतं तर दोन आकडे सोबत पडले असते. एकटाच आकडा कोसळला, म्हणजे त्या एका सिलिंडरमध्ये काहीतरी घडलंय.

पुढची पुस्तकी पायरी म्हणजे तेलाची टेस्ट. सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल टाकायचं; आकडा वाढला तर दोष रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. मी एक चमचा, म्हणजे ५ मिली तेल टाकलं. काटा ९ वरून १० वर गेला. मिस्त्री लगेच म्हणाले, "पहा, वाढला. रिंगच." पण हिशेब करून पाहा. एका सिलिंडरची क्षमता ९०० सी.सी., रेशो १७, म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा साधारण ५६ सी.सी. त्यातली ५ तेलाने खाल्ली. रेशो आपोआप साडेअठरावर गेला आणि दाब दहा-बारा टक्के वाढला. ९ चे १० झाले ते एवढ्यामुळेच. रिंगने काही जास्त हवा धरली म्हणून नाही. पेट्रोल इंजिनमध्ये ही चूक लपून जाते कारण तिथे वरची जागा मोठी असते. डिझेलमध्ये तेलाची टेस्ट जपून वाचावी, आणि चमचाभराच्या पुढे तर अजिबात जाऊ नये.

खरा उलगडा झाला तो हवेने. पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला. एका जुन्या इंजेक्टरची बॉडी पोकळ करून तिला पाईप जोडला. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत, आणि सहा-सात बार हवा सोडली. इथे एक धोक्याची सूचना. १०० मिलिमीटर बोअरच्या पिस्टनवर एवढी हवा म्हणजे जवळपास साडेपाचशे किलोचा जोर. पिस्टन टोकापासून जरा सरकलेला असेल तर इंजिन एकदम फिरतं. हात फॅनपासून लांब ठेवावेत.

आता फक्त कान वापरायचा. डिपस्टिकच्या नळीतून फुसफुस आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. एअर क्लीनरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेंसरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. टर्बोच्या इंजिनात इनलेटचा आवाज लांबच्या पाईपमधून, टर्बोच्या पात्यांमधून येतो आणि दबतो, म्हणून टर्बो ते मॅनिफोल्डचा होज आधी सैल करून घ्यावा. (आमच्या एअर क्लीनरात उंदराने घर केलं होतं, ते या निमित्ताने निघालं.) आणखी एक फायदा. टर्बोचं सील गेलं की चालू इंजिनात एक्झॉस्टचा गॅस तेलाच्या परतीच्या नळीने खाली चेंबरमध्ये जातो आणि ब्रीदरमधून धूर येतो. लोक म्हणतात रिंग गेल्या. बंद इंजिनात, हवेच्या टेस्टमध्ये, टर्बो या भानगडीत येतच नाही. जे निसटतं ते सिलिंडरमधूनच.

काकांनी सायलेंसरवर तळहात धरला आणि म्हणाले, "इथून येते रे हवा." डिपस्टिकला काही नाही. रेडिएटर शांत.

आता कोडं सुटलं. आपल्या ट्रॅक्टरचा सायलेंसर आभाळाकडे तोंड करून उभा. त्याची झाकणपट्टी कधीच गळून पडलेली. पावसाचं पाणी सरळ टर्बोत, तिथून मॅनिफोल्डमध्ये. तीन सिलिंडरच्या इंजिनात इंजिन कुठेही थांबलं तरी साधारण एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतोच. आमचा तिसरा उघडा राहिला. पाणी त्याच्या दांड्यावर आणि सीटवर बसलं आणि सोळा महिने गंज खात राहिलं. थंड देशांत बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल उन्हाळाभर उभ्या असतात, तिथे ठेवणीच्या आधी सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा मारतात तो याच भीतीने. त्यातल्या दोन-स्ट्रोक इंजिनांना असे व्हॉल्व्ह नसतात, म्हणून तिथे पहिला संशय चिकटलेल्या रिंगांवर जातो.

टॅपेट कव्हर उघडलं. हवेचा दाब काढून पिस्टन अर्ध्यावर खाली घेतला, म्हणजे व्हॉल्व्हला हलायला जागा मिळाली. दांड्यावर डिझेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी स्प्रिंगच्या टोपीवर लाकडी हातोडीने हलके ठोके. आधी ठस्स आवाज, मग एकदम खणखणीत. गंजाचा पापुद्रा सुटला. पुन्हा गेज लावलं तर २१.

काका लगेच चावी फिरवणार होते, त्यांना थांबवलं. सोळा महिन्यांत टर्बोच्या बेअरिंगवरचं तेल उतरून गेलेलं असतं, आणि तो शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत फिरतो, तेही तेलाच्या नुसत्या पापुद्र्यावर. नवं तेल-फिल्टर टाकलं, टर्बोच्या तेलाच्या नळीत थोडं तेल ओतलं, स्टॉप नॉब ओढून तेलाच्या दाबाचा काटा उचलेपर्यंत सेल्फ मारला. मग चालू केलं. तिसरा सिलिंडर मिनिटभर अडखळला, पांढरा धूर आला, आणि लागला.

मिस्त्री म्हणाले, "सीट खराब असेल जी, हेड उघडावं लागंल." ते बरोबरच होते. पण ते मळणीनंतरही चाललं असतं. चार दिवसांत सगळे पुंजणे मळून झाले, पाचव्या दिवशी पाऊस आला. उन्हाळी धानाच्या चिखलणीआधी हेड उघडलं, सीटवर गंजाचे खड्डे होतेच. व्हॉल्व्ह घासून बसवला. लायनर आणि पिस्टन जुनेच आहेत. काकांनी फोनवर आकडे सांगितले: २७, २६, २६. सायलेंसरवर आता गोडेतेलाचा रिकामा डबा उपडा ठेवलेला असतो.