पायातील तरुणास्थि-अर्बुद : निदानातील सावधगिरी

पायावरील न दुखणारी गाठ रुग्ण बहुधा अंगावर काढतो आणि चपलेचा पट्टा घासू लागला म्हणजेच वैद्याकडे येतो. आपणही तिला कदर, अर्थात कुरूप, समजून अग्निकर्म सुचवितो किंवा लेप देतो. क्वचित मात्र ही गाठ अस्थीबाहेरील मृदू ऊतींत उत्पन्न झालेल्या तरुणास्थीची, म्हणजेच कूर्चेची असते. आधुनिक वैद्यकात हिला सॉफ्ट टिश्यू कॉन्ड्रोमा म्हणतात. ती सौम्य असते. परंतु तिचे सौम्यत्व केवळ स्पर्शपरीक्षेने सिद्ध होत नाही, याकडे आम्ही व्यवसायबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

ही गाठ विरळा आढळते. हाताच्या बोटांत अधिक, त्याखालोखाल पायात. रुग्णाचे वय बहुधा ३० ते ६० वर्षे असते. गाठ कठीण, सावकाश वाढणारी व सहसा ३ सेंमीहून लहान असते. गँग्लियॉन द्रवाने भरलेले असल्याने विजेरीच्या प्रकाशात उजळते. ही गाठ उजळत नाही. तथापि वातरक्तातील गाठ, कंडरावरणाची गाठ आणि घातक सायनोव्हियल सार्कोमा यांतूनही प्रकाश जात नाही. रक्तातील युरिक आम्ल वाढलेले आहे एवढ्यावरून गाठ वातरक्तजन्य ठरविणेही योग्य नव्हे.

म्हणून प्रथम क्ष-किरण चित्र घ्यावे. गाठ अस्थीपासून निघाली आहे काय, हे त्यावरून बव्हंशी कळते. कूर्चेच्या गाठीत अनेकदा चुन्याचे ठिपके किंवा वलये दिसतात. परंतु ती न दिसल्याने शंका फिटत नाही आणि दिसल्याने सौम्यत्व सिद्ध होत नाही, कारण सायनोव्हियल सार्कोमातही चुना साठू शकतो. गाठीचा विस्तार एमआरआयने समजतो; अंतिम निर्णय ऊतिपरीक्षेचा. या सौम्य गाठीतील पेशी कधीकधी घातक कूर्चार्बुदासारख्या भासतात. त्यामुळे नमुन्यासोबत क्ष-किरण चित्र व गाठीचे नेमके स्थान विकृतितज्ज्ञास अवश्य कळवावे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अर्बुद स्थिर, मंद वेदनेचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असे वर्णिले आहे. अर्बुदाचा अवशेष राहिल्यास ते पुन्हा वाढते, म्हणून ते निःशेष काढावे, असा चिकित्सास्थानातील त्यांचा उपदेश आहे. कॉन्ड्रोमाही शस्त्रकर्मानंतर सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत पुन्हा उद्भवतो, असे नोंदविले गेले आहे. निदानापूर्वी केलेले क्षारकर्म, अग्निकर्म वा छेदन पुढील शस्त्रकर्म अवघड करते. गाठ घातक असल्यास तर रुग्णाचा मोलाचा काळ वाया जातो.

औषधालयचालकांनाही आमची विनंती आहे. गाठीसाठी कांचनार गुग्गुळ मागणाऱ्यास, गाठ वैद्यास दाखविली काय, एवढे अवश्य विचारावे. गाठ वाढत असेल, रात्री ठणकत असेल वा खोलवर रुतलेली असेल, तर त्यास विनाविलंब शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठविणे हेही चिकित्सेचेच अंग आहे.