टॅक्सीच्या गाडीवर राष्ट्रीय अजिंक्यपद

नांदेडच्या हुजूर साहिब स्थानकाबाहेर किंवा लातूरच्या बसस्थानकाजवळ भाड्याच्या गाड्यांची रांग पाहा, टोयोटाची इटिऑस त्यात हटकून सापडेल. डिकी ऐसपैस, मागे तिघे आरामात बसतात, लोहा-अहमदपूरच्या रस्त्यावर कुरकुर नाही. डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आलेल्या आणि २०२० मध्ये बंद झालेल्या या गाडीला शर्यतीची गाडी कोण म्हणेल? पण ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले यांनी इटिऑसच चालवून राष्ट्रीय कार शर्यतींतल्या सलून गटाचे अजिंक्यपद पटकावले. कार शर्यतीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पेशाने शिक्षिका, दोन मुलांची आई.

सलून शर्यत म्हणजे घरगुती वापराच्या बंदिस्त गाड्यांची शर्यत. फॉर्म्युला वनची उघड्या चाकांची गाडी मुळातच शर्यतीसाठी जन्मते. इथे मात्र शोरूममधली गाडीच धावपट्टीवर येते. ब्रिटनमध्ये १९५८ साली सलून गाड्यांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. आज ती ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा म्हणून ओळखली जाते. पहिल्याच वर्षी जॅक सियर्स आणि टॉमी सोपविथ यांचे गुण समान झाले. नाणेफेकीने निकाल लावायला दोघांनीही नकार दिला. मग ब्रँड्स हॅच इथे दोन सारख्या रायली गाड्या आणल्या, पाच-पाच फेऱ्यांच्या दोन शर्यती घेतल्या, आणि मध्ये गाड्यांची अदलाबदल केली, म्हणजे गाडीला दोष द्यायची सोयच उरली नाही. सियर्स १.६ सेकंदांनी जिंकले. हे गृहस्थ नॉरफोकचे शेतकरी होते, हे मराठवाड्याच्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवे.

इटिऑसचा सलून गट याच न्यायाने चालतो. सगळ्यांना एकाच जातीची गाडी. आतल्या मागच्या सीटा, गालिचे, एसी सारे काढून टाकतात. छताखाली पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करतात. गाडी उलटली तर चालकाचा जीव तोच वाचवतो. अंगाला घट्ट बसणारी एकच सीट, खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारे पट्टे, आग विझवण्याचे नळकांडे, वीज एका झटक्यात तोडणारी कळ. रस्त्यावरच्या पेट्रोल इटिऑसचे इंजिन दीड लिटरचे, सुमारे ९० अश्वशक्तीचे. एवढ्या माफक ताकदीच्या गाडीत वळणावर उगाच ब्रेक दाबून गमावलेला वेग परत मिळवायला पुढची अख्खी सरळ पट्टी खर्ची पडते. पुढची चाके ओढणारी गाडी वेगात वळवली की नाक बाहेर सरकते आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी ऐकत नाही. म्हणून ब्रेक कुठे सोडायचा, ॲक्सिलरेटर कधी द्यायचा, यावरच सगळा खेळ. पुढच्या गाडीच्या मागे हवेचा विरोध कमी असतो. तिथे चिकटून राहायचे आणि नेमक्या क्षणी बाजूला काढायची.

पुंडोले यांना हे अजिंक्यपद मिळाले चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने उभारलेला हा सुमारे ३.७ किलोमीटरचा मार्ग १९९० पासून वापरात आहे. त्याआधी हाच क्लब शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवत असे. देशातल्या मोटार शर्यतींची राजधानी तामिळनाडूच, त्यामुळे पुण्याच्या चालकालाही सरावासाठी दक्षिण गाठावी लागते.

पुंडोले यांची सुरुवात २०१८ मध्ये, जेके टायरच्या महिला चालकांसाठीच्या उपक्रमातून झाली. त्यानंतर सहा वर्षांनी अजिंक्यपद. २०२५ च्या अखेरीस त्या थेट फेरारी २९६ चॅलेंजमध्ये बसल्या आणि मध्यपूर्वेतल्या फेरारी क्लब चॅलेंज मालिकेसाठी सज्ज झाल्या. मागे बसवलेले तीन लिटरचे व्ही-६ इंजिन, ७०० अश्वशक्ती! वर्तमानपत्रांनी साहजिकच फेरारीच्या लाल रंगाला जास्त जागा दिली.

माझ्या लेखी मात्र इटिऑसचे यश मोठे. त्या गटात गाडी सगळ्यांची सारखी होती, महिलांसाठी वेगळी रांग नव्हती, आणि निकाल फक्त घड्याळाने लावला.