यमाताराजभानसलगा

शीर्षक वाचून 'हे काय भलतंच?' असं वाटलं असेल तर लगेच पान उलटू नका. हा टायपिंगचा गोंधळ नाही. हा दहा अक्षरांचा एक कोड आहे, आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची एक टर्म भरलेल्या कुणालाही तो पाच मिनिटांत कळेल.

कवितेत अक्षरं दोन प्रकारची. ऱ्हस्व ते लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ ते गुरू, त्याच्या दोन. (पुढच्या जोडाक्षराचा आघात आला की ऱ्हस्व अक्षरही गुरू होतं, 'सत्य'मधला 'स' बघा.) लघु म्हणजे ०, गुरू म्हणजे १ समजा. तीन अक्षरांच्या गटाला 'गण' म्हणतात. म्हणजे दोनाचा घन, गण आठच! आता आपला कोड घ्या. पहिली तीन अक्षरं 'यमाता', लघु-गुरू-गुरू, हा 'य' गण. एक अक्षर पुढे सरका, 'मातारा', तिन्ही गुरू, हा 'म' गण. पुन्हा सरका, 'ताराज'... असं करत 'सलगा'पर्यंत गेलात की आठही गण एकेकदा येऊन जातात, एकही रिपीट होत नाही. शिवाय शेवटचं 'लगा' आणि सुरुवातीचं 'यमा' दोन्ही लघु-गुरू. एकावर एक ठेवून गोल जोडलं तर आठ बिटमध्येच काम भागतं. गणितात याला डी ब्रॉयन सीक्वेन्स म्हणतात, डी ब्रॉयन या डच गणितज्ञाच्या १९४६ सालच्या पेपरवरून. आपल्याकडे मात्र ते गण पाठ करायचं सूत्र!

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'आयँबिक पेंटामीटर' आधी भेटला आणि 'भुजंगप्रयात' इंजिनिअरिंगला आल्यावर. खरं तर तो कानात होताच, कारण आजी रोज संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणायची. समर्थांचे ते २०५ श्लोक याच वृत्तात आहेत. यमाता यमाता यमाता यमाता, असं चार वेळा म्हणा, झाली एक ओळ. बारा अक्षरं, वीस मात्रा.

या मोजणीतून गणितही निघालंय. आठ मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? शेवटी लघु ठेवला तर आधीच्या सात मात्रा भरायच्या, गुरू ठेवला तर सहा. म्हणजे मागच्या दोन उत्तरांची बेरीज. १, २, ३, ५, ८, १३, २१, आणि आठ मात्रांना ३४. हेमचंद्राने बाराव्या शतकात हे मांडलं. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. असो, 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' हा निबंध इथे लिहायचा नाहीये.

मराठीत हा सगळा पसारा नीट लावला तो माधव जूलियन यांनी. हे फारसीचे प्राध्यापक, प्रेमकविता लिहिणारे, मराठीत गझल रुजवणारे. त्यांच्या 'छंदोरचने'त तीन कप्पे आहेत. लघु-गुरूंचा क्रम पक्का ठरलेला ते वृत्त, फक्त मात्रा मोजायच्या ती जाती, आणि फक्त अक्षरं मोजायची तो छंद. १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. दिली.

आता मूळ मुद्दा. मध्यंतरी एका काव्यस्पर्धेत माझ्या एका मित्राने मराठी रॅप म्हटला. परीक्षकांनी 'हे वृत्तात नाही, म्हणून कविता नाही' असं सांगून तो बाद केला. वृत्तात नव्हता हे अगदी खरं. पण मग मोठा अभंग बघा. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, आणि लघु-गुरूंचा क्रम कसाही. म्हणजे तोही वृत्तात नाही, छंदात आहे. परीक्षकांचा नियम लावला तर तुकोबाही पहिल्याच फेरीत बाहेर!

रोमान याकबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या एका प्रसिद्ध लेखात आयझेनहॉवर यांच्या प्रचाराची घोषणा तपासली होती, 'आय लाईक आईक'. तीन शब्द आणि तिन्हींत तोच 'आय'. त्याचं म्हणणं असं, की काव्याचं तंत्र कवितेपुरतं नसतं, घोषणेतही असतं. मग आपली घोषणा घेऊ. 'ताई माई अक्का, विचार करा पक्का.' पहिल्या भागात अक्षरं सहा. दुसऱ्यात लिहिलेली मोजा, सात. तरी म्हणताना कुणी अडखळतं का? नाही! कारण आपण 'विचार' असं पूर्ण म्हणतच नाही, 'विचार्' म्हणतो. वि-चार्-क-रा-पक्-का, सहा!

इथे जुन्या मोजपट्टीची खरी अडचण आहे. शास्त्र लिहिलेलं अक्षर मोजतं. मनाचे श्लोक म्हणताना आपण शेवटचा 'अ' मुद्दाम पुरा उच्चारतो. बोलताना तो गिळतो, आणि रॅप म्हणजे बोलणंच. त्यामुळे 'घर' हे छंदशास्त्रात दोन लघु अक्षरं, तर रॅपमध्ये एकच ठोका, घर्. भरीला रॅपमध्ये रिकामी जागाही मोजली जाते. चार ठोक्यांच्या ओळीत मध्येच श्वास घेतला तरी ठोका चालूच राहतो. आपल्या टाइमिंग डायग्राममध्ये सिग्नल शून्य असला तरी क्लॉक पुढे जातो ना, तसंच. परीक्षकांच्या बाजूने एक मान्य. हे कागदावर दिसत नाही, आणि त्यांच्या हातात कागदच होता.

म्हणून मी मित्राकडून रॅप लिहून घेतला, पण ठोक्यांच्या रकान्यांत. सोळा ओळी. उच्चारातली अक्षरं कुठे नऊ, कुठे तेरा. पण यमक पंधरा ओळींत बरोबर चौथ्या ठोक्यावर. फक्त अकराव्या ओळीत ते अर्धा ठोका उशिरा येतं. हे चुकलं का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "अगं, तिथे बाप घरी उशिरा येतो ना!"