आकाशवाटा (भाग ७) : पुन्हा वर

गेल्या आठवड्यात आपण ढगातून खाली येणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी कशी सापडते ते पाहिलं. ती दिसल्यावरही टेकायचं की नाही, हे शेवटच्या क्षणापर्यंत ठरवायचं असतं. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोळिकोडला तो प्रश्न फार कठोरपणे समोर आला.

करोनाच्या दिवसांत दुबईहून भारतीयांना घेऊन येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ते बोइंग ७३७. आत १९० माणसं. कॅप्टन होते दीपक साठे; आईवडील नागपूरला, स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर. कोळिकोड त्यांच्या सवयीचं. ही धावपट्टी टेकडीच्या सपाट केलेल्या माथ्यावर आहे, संपली की उतार.

पाऊस कोसळत होता. पश्चिमेकडे तोंड करून उतरायच्या पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या काचेवरचा वायपर अर्ध्या मिनिटाच्या आत बंद पडला. विमान पुन्हा वर गेलं. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. दुसऱ्या वेळी धावपट्टीचं दुसरं टोक निवडलं गेलं, आणि आता पावसाळी पश्चिमेचा वारा पाठीवर आला.

पाठीवरचा वारा का नको, ते नीट समजून घेऊ. विमानाला उचलून धरते ती हवा, त्यामुळे हवेच्या तुलनेत त्याला ठराविक वेग ठेवावाच लागतो. मागून १४ नॉटचा वारा असला की जमिनीवरचा वेग तेवढाच वाढतो. टेकताना तो सुमारे १६५ नॉट होता, म्हणजे ताशी ३०५ किलोमीटर. ब्रेकना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून या वाऱ्याने तिच्यात जवळजवळ पाचव्या हिश्शाची भर घातली. त्यात धावपट्टी ओली.

धावपट्टीच्या उंबरठ्यावर साधारण ५० फुटांवर असावं ते विमान ९२ फुटांवर होतं. ते तरंगत पुढे गेलं आणि २,७०० मीटरच्या धावपट्टीवर सुमारे १,३५० मीटर गेल्यावर टेकलं. अर्धी वाट आधीच मागे पडली होती. विमान टोक ओलांडून उतारावरून शंभरेक फूट खाली कोसळलं आणि तुटलं. २१ जण गेले, दोन्ही वैमानिक त्यांत होते. आग लागली नाही. साथीची भीती बाजूला ठेवून आसपासचे गावकरी पावसात धावले, जखमींना मिळेल त्या गाडीतून दवाखान्यात नेलं, रात्री रक्त द्यायला रांगा लावल्या. याचं मोल कुठल्याही अहवालात मावणार नाही.

अपघात तपास संस्थेने २०२१ मध्ये कार्यपद्धती न पाळल्याचा ठपका विमान चालवणाऱ्या कॅप्टनवर ठेवला. मला त्या अहवालातला दुसरा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो. सहवैमानिकाला गडबड दिसत होती. त्याने आधी मोघम शब्दांत कॅप्टनचं लक्ष वेधायचा प्रयत्न केला, आणि ‘गो अराउंड’, म्हणजे न टेकता पुन्हा वर, हे स्पष्ट शब्द टेकण्याच्या अगदी आधी उच्चारले. तेही मानले गेले नाहीत. नियमाने त्याला नियंत्रण आपल्या हाती घेता आलं असतं. पण शेजारी इतका अनुभवी, मानाचा माणूस बसलेला. वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवू नये हे आपल्याकडे लहानपणीच मनात रुजतं. कॉकपिटच्या दाराशी ते उतरवून ठेवणं सोपं नसतं. म्हणूनच हे संस्कारावर न सोडता सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटून घ्यायला हवं.

आणखी एक. साठ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच दोह्याचं विमान न्यायचं होतं, आणि त्या तळावर कॅप्टनांची वानवा होती. दुसरीकडे उतरण्याइतकं इंधन टाकीत होतं. पण तसं केलं असतं तर सकाळचं विमान कोण नेणार? हा विचार त्यांच्या मनावर असावा, असं अहवालही सुचवतो. वेळापत्रक आखणारी माणसं कॉकपिटमध्ये नसतात, पण त्यांनी टाकलेलं ओझं तिथे असतं.

आमच्या कोडोलीतून उजळाईवाडीला विमान पकडायला जाणारी माणसं पावसाळ्यात कधी ते रद्द झालं, कधी न उतरताच परत गेलं म्हणून चिडतात. लग्न चुकतं, मुंबईतलं काम बुडतं, राग येणारच. पण तो राग शेवटी वैमानिकाच्या मनापर्यंत पोचतो, आणि तिथे त्याचं काहीही काम नाही.

ओल्या धावपट्टीवर चाकं पाण्यावर कशी तरंगू लागतात, आणि १ जुलै २०१९ च्या पावसात मुंबईत धावपट्टीपुढे गेलेलं स्पाइसजेटचं विमान, हे पुढच्या भागात.