दुधाचा भाव पडतो तेव्हा

सकाळी दुधाची पिशवी घेताना आपल्याला एकच भाव दिसतो. गोठा सांभाळणाऱ्या कुटुंबाला मात्र तीन भावांवर लक्ष ठेवावे लागते : दुधाचा, पेंडीचा आणि खुद्द गाईचा. हे तिन्ही एकदमच उलटले तर काय करायचे, हा आजचा विषय.

संकरित गाई थंडीत जास्त दूध देतात, उन्हाळ्यात कमी. थंडीतल्या जादा दुधाची भुकटी आणि लोणी होते. १ किलो भुकटीला साधारण ११ लिटर साय काढलेले दूध लागते. त्यामुळे भुकटीचा बाजार परदेशात पडला, तरी त्याची झळ संगमनेर-फलटणच्या गोठ्यापर्यंत पोहोचते. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद झाली आणि दुधाचे खरेदीदर कोसळले. दुकानाला कुलूप लागते. गाईची धार मात्र दोन्ही वेळा काढावीच लागते.

थोडा हिशेब करू. समजा, घरी ५ गाई आहेत आणि रोज ५० लिटर दूध डेअरीला जाते. लिटरमागे ५ रुपये उतरले, की महिन्याला साडेसात हजार गेले. या गाईंना रोज ३० किलो खुराक लागत असेल आणि तो किलोमागे ३ रुपयांनी महागला, तर आणखी २,७०० रुपये. महिन्याची तूट १०,२०० रुपयांची. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

खरा धोका इथे आहे. अडचण आली तर एखादी गाय विकू, असे आपण धरून चालतो. पण दूध पडले की शेजारीपाजारीही गाई विकायला काढतात आणि गाईचाही भाव बसतो. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा तर जनावरांचे बाजारच बंद ठेवावे लागले. तेजीत घ्यायचे आणि मंदीत विकायचे, हा उलटा व्यापार हौसेने कोणी करत नाही. हप्ता तो करायला लावतो.

म्हणून गाय घेताना हप्त्याचे गणित आजच्या चांगल्या दरावर मांडू नका. गेल्या काही वर्षांतला सर्वांत पडता दर धरा. त्या दरात हप्ता निघत नसेल, तर पाचाऐवजी तीन गाई घ्या. मका स्वस्त असताना, कणीस चिकात असतानाच कापून मुरघास भरून ठेवा. पेंडीवरचा भार हलका होतो. गाय सुमारे ९ महिने गाभण असते, तेव्हा सगळ्या गाई थंडीतच विणार नाहीत अशा बेताने रेतन करून घ्या. थोडे दूध घरोघर रतिबाला घाला. घरच्या कालवडी नीट वाढवा, म्हणजे तेजीत गाय विकत घ्यावी लागणार नाही. आणि भाव चढा असताना दर लिटरमागे एक-दोन रुपये बाजूला टाका.

या सगळ्याला एक वही लागते. आज संध्याकाळी धार काढून झाली, की घरातल्या सर्वांनी बसून लिटरमागचा खर्च काढा. त्यात चारा धरा आणि पहाटे उठून शेण काढणाऱ्या घरधनिणीची मजुरीही धरा. तो आकडा कळला, की गोठा वाढवायचा की आवरायचा, हे शांतपणे ठरवता येईल.